रविवारी ठोकणारी जिप्सी

१

फिल्टर नाहीसा झालाय हे मला सोमवारी सकाळी साडेआठला कळलं आणि माझा सबंध आठवडा तिथेच नासला.

मी वर्तक. अपघातातल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हा माझा धंदा. राहतो रोह्याला, फिरतो स्कूटरवर, आणि गेली एकोणीस वर्षं लोकांच्या थापा ऐकतो. ब्रेकच लागला नाही, मी तर तीसच्याच स्पीडला होतो, म्हैस आडवी आली. माझ्या अहवालांत जेवढ्या म्हशी आडव्या आल्यात तेवढ्या अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसतील. धंद्यामुळे वर्तक तिरसट झाला असं लोक म्हणतात. मी आधीपासूनच तिरसट होतो, धंदा नंतर मिळाला.

सत्त्याण्णव सालचा एप्रिल संपत आला होता. खांब गावात हायवेच्या कडेला जुहेबचं गॅरेज, आणि त्याच्या अंगणात नाक चेपलेली पांढरी जिप्सी उभी. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, गॅरेजच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर तिचं इंजिन भर वेगात जाम झालं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. चालवत होता अमोल म्हात्रे, पेणच्या दत्ताशेठ म्हात्र्यांचा एकुलता एक मुलगा. हात मोडला, जीव वाचला. समोरचा ट्रक दोन हात अलीकडे असता तर मला अहवालाऐवजी समाचाराला जावं लागलं असतं.

दत्ताशेठ डोलवीच्या कारखान्यात माणसं पुरवायचे. पहाडी आवाज, पहाडी अंग. त्यांनी बॉनेटखाली बोट रोवलं.

"वर्तकसाहेब, हे बघा! हितं याचा तो शारजाचा फिल्टर होता. काल पोलिसांनी बघितला, पंचांनी बघितला. आज नाय! गिळला यानं पुरावा!"

खरंच, इंजिनात हवा घेणारा नळ तोंड उघडं टाकून बसला होता.

फिल्टरची गोष्ट अशी. कंपनीच्या गाडीत हवा एका बंद काळ्या डब्यातून गाळून आत जाते. जानेवारीत जुहेबने अमोलच्या हट्टाखातर तो डबा काढला आणि शारजाहून आणलेला जाडजूड, सुती जाळीचा, शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला. हवा मोकळी मिळते, गाडी पळते. पळालीही. पण दोन-तीन आठवड्यांत इंजिन ठोकायला लागलं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की टक् टक् टक्, पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज. पेट्रोल सिलिंडरमध्ये वेळेआधी, नको तसं भडकतं तेव्हा हा आवाज येतो. आणि तो फार दिवस चालू दिला तर पिस्टनला भोक पडतं. काल पडलं होतं.

"यानं मुद्दाम केलंय," दत्ताशेठ म्हणाले. "डोलवीच्या गाड्यांचं काम मी याला दिलं नाय, त्याचा राग. गुरवारपर्यंत तुमचा अहवाल द्या. तो घेऊन मी ठाण्यात तक्रार टाकतो. मग बघतो हायवेवरचा कोण ड्रायव्हर याच्या दारात गाडी लावतो!"

जुहेब हात पुसत उभा होता. तिशीतला, सडपातळ. तो एवढंच म्हणाला, "मी हात नाय लावला. आठ वर्षांनी घरी आलोय, असले उद्योग करायला आलो काय?"

२

मी अंगणातल्या बाकड्यावर बसलो आणि तिथेच माझ्या स्वच्छ पॅन्टला तेलाचा डाग पडला. गॅरेजात बसल्यावर दुसरं काय होणार? मी चडफडलो आणि कामाला लागलो.

आधी टायमिंग पाहिलं. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा तो भाग. माझा पहिला संशय तिथेच होता. आखाती पेट्रोल उंची असतं, तिथली मंडळी टायमिंग पुढे ओढून ठेवतात. तेच जुहेबने इथे केलं असेल तर इंजिन ठोकणारच. पण त्याने टायमिंग पुढे ओढलं नव्हतंच. कंपनीच्या खुणेच्याही मागे नेलेलं होतं.

"दर रविवारी अमोल हितं थांबायचा," जुहेब म्हणाला. "ठोकते, ठोकते म्हणून. मी दर वेळी टायमिंग थोडं मागं घ्यायचो. तरी पुढच्या रविवारी परत तेच."

मग मी स्पार्क प्लग काढले. चारही काळेकुट्ट आणि तेलाने ओले. म्हणजे सिलिंडरमध्ये तेल जळत होतं. अशा वेळी कुणीही म्हणेल की पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि खालचं इंजिन ऑइल वर चढतंय. पण तळातलं ऑइल मोजायची पट्टी काढली तर पातळी अगदी भरपूर. जुहेब म्हणाला, जानेवारीपासून ती एक रेघही उतरलेली नाही.

"फिल्टरबरोबर काही कागद आला होता?"

"आलता ना. कसा धुवायचा, कधी धुवायचा, सगळं. अमोलच्या हातात दिला आणि तोंडानंही सांगितलं."

तेवढ्यात आतून त्याची आई आमनाबी चहा घेऊन आली. मागोमाग भिंत चाचपत त्याचे वडील लतीफभाई. दोन्ही डोळ्यांनी आता त्यांना उजेड तेवढा कळतो. त्यासाठीच तर जुहेब शारजाची नोकरी सोडून परत आला होता.

"काल रात्रभर गाडीपाशी कोण होतं?" मी विचारलं.

"रात्री कोण नाय. कुलूप घातलं मी," आमनाबी म्हणाल्या. "त्याच्या आधी पोलीस होते, ट्रकवाले होते, गाडी ओढून आणणारे होते. शेठचा ड्रायव्हर जगन पण आलता त्याच्या गावावरनं, वरशावरनं, खबर लागल्या लागल्या. बसला होता बिचारा गाडीला टेकून. ह्याच बाकड्यावर बसवून चहा पाजला, मग गेला पेपरात सुकट-बिकट गुंडाळलेलं घेऊन. वर्तकभाऊ, एक सांगू? शारजाच्या मालकाचा परवाच फोन आला. जागा रिकामी हाय म्हणतो. ह्या गॅरेजचं नाव गेलं तर हा पोरगा परत जाईल. आठ वर्षांत मी त्याला तीनदा बघितलाय. आता गेला तर मला तो दिसायचा नाय. माझ्या हृदयाचं डॉक्टरनं काय सांगितलंय ते ह्याला ठाऊक नाय."

शेवटचं वाक्य त्या अगदी हळू बोलल्या. असल्या गोष्टी माझ्यासारख्याला सांगू नयेत. मला त्या झेपत नाहीत, आणि मग झोप उडते.

३

मंगळवारी सकाळी मी पेणला दत्ताशेठच्या बंगल्यावर गेलो. फाटक जगनने उघडलं. साठीला टेकलेला, काटक, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं. अठरा वर्षं तो म्हात्र्यांकडे होता. आधी खाडीवरच्या मिठागरात त्यांची मॅटाडोर चालवायचा, मग जीप, आता जिप्सी. आठवडाभर बंगल्यामागच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून वरशाला घरी जायचा. त्याने माझी स्कूटर सावलीत लावली, सीट पुसली आणि मला पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायलो आणि आत गेलो.

अमोल प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. तेवीस वर्षांचा, देखणा, आणि नजर एका जागी न ठरणारी.

"कधीपासून ठोकत होती?"

"फेब्रुवारीपासून. पहिले दोन-तीन आठवडे एक नंबर पळाली. मग सुरू झालं. पण रोज नाही हं काका. रविवारी जोरात. सोमवार, मंगळवार थोडी. गुरुवार-शुक्रवारी जवळजवळ नाहीच. आणि रविवारी परत."

मी पेन्सिल खाली ठेवली. इंजिनाला वार कळत नाहीत. रविवारी ठोकायचं आणि शुक्रवारी गप्प बसायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

"रविवारी तू चालवतोस?"

"हो. जगनमामांची सुट्टी असते. मित्रांबरोबर कोलाडकडे जातो. जाताना जुहेबकडे थांबतो."

"पेट्रोल?"

"शनिवारी. वडखळच्या पुढचा पंप. दर शनिवारी जगनमामा टाकी फुल करतात."

म्हणजे आठवड्याच्या शेवटी तीन गोष्टी घडत होत्या. शनिवारी पेट्रोल, रविवारी अमोलचा दामटून चालवणारा पाय, रविवारीच जुहेबचा पाना. तिघांपैकी एक खोटारडा. असं मला तेव्हा वाटलं.

"एकही रविवार असा गेला नाही की ठोकली नाही?"

तो आठवू लागला. "गेला ना! शिमग्यात दोन रविवार. एकदा तर पोलादपूरपर्यंत ताणली. जुहेबने पण बघितली, म्हणाला आज काहीच नाही. मला वाटलं बरी झाली."

"त्या शनिवारी पेट्रोल टाकलं होतं?"

"मीच टाकलं. त्याच पंपावर."

"जुहेबने फिल्टरचा एक कागद दिला होता तुला."

अमोलची नजर खिडकीबाहेर गेली. "कागद? नाही आठवत."

बाहेर पडलो तर जगन माझ्या स्कूटरपाशी उभा. काहीतरी बोलायचं असल्यासारखा. पण दत्ताशेठनी वरून हाक मारली आणि तो धावला. मीही थांबलो नाही.

त्या दिवशी घरी मला स्वस्थ बसवेना. जेवताना बोटं ताटावर टक् टक् वाजवायला लागली. बायको म्हणाली, "तुमचंच टायमिंग आधी बघून घ्या कुणाकडून तरी." मी ताटावरून उठलो.

४

बुधवारी मी पंपावर गेलो. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की इंजिन ठोकतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पंपावरचा पोरगा पोपट मला ओळखायचा. मी पेट्रोलचे चार थेंब कागदावर मागितले तसा तो दुखावला.

"घ्या की साहेब! वास घ्या, चाटा पायजे तर!"

थेंब उडून गेले, मागे चिकट डाग राहिला नाही. वर पोपट म्हणाला की पेणच्या डॉक्टरांची फियाट, वकिलांची मारुती, सगळ्या इथेच भरतात, एकीचीही तक्रार नाही. शिवाय अमोलने सांगितलेले शिमग्याचे ते दोन रविवार होतेच. पेट्रोल तेच होतं आणि इंजिन गप्प होतं. पेट्रोल सुटलं. अमोलचा पाय सुटला, कारण त्याने तर त्या दिवशी पोलादपूर गाठलं होतं. आणि जुहेबचा पानाही सुटला, कारण त्याने टायमिंग मागेच नेलं होतं. संशयितांची यादी संपली. मला असा राग आला की पोपटाचीच मान पिरगाळावीशी वाटली.

"आता आलात तर टाकी भरून जा," तो म्हणाला. त्याने स्कूटरच्या टाकीत पेट्रोल सोडलं आणि मापाने तेल मिसळलं. टू-स्ट्रोक स्कूटरला ते लागतंच.

"हे मिसळलेलं चुकून मोटारीत घातलं तर?" मी सहज विचारलं.

"ठोकेल की! धूर काढेल. मोटारीला वरनं तेल नाय चालत साहेब. तिचं तेल खाली, वेगळं. पण ती जिप्सी बाकी तेल लय खाते हां. जगनदादा दर शनिवारी इंजिन ऑइलचा एक डबा नेतो. मधी शिमग्याला तेवढा नाय नेला."

मी स्टँडवरून काढलेली स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.

दर शनिवारी एक डबा. आणि पट्टीवर पातळी एक रेघही खाली नाही. जी गाडी तेल खातच नाही, तिला दर शनिवारी डबा कशाला? मग ते तेल जात कुठे होतं? प्लग तेलाने ओले होते आणि खालचं तेल जागच्या जागी होतं. म्हणजे तेल खालून वर चढत नव्हतं. कुणीतरी ते वरून देत होतं.

शिमग्याच्या पालखीला वरशाचा माणूस आठ-दहा दिवस घरी राहणार नाही तर कोण?

आणि माझ्या पॅन्टवरचा डाग! जगन चहा प्यायला तो त्याच बाकड्यावर. सुकटीच्या पुडक्यातून इंजिन ऑइल कधी गळतं का? मी सगळ्यांना विचारलं होतं. मालकाला, मुलाला, मेकॅनिकला, त्याच्या आईला, पंपावरच्या पोराला. ज्याच्या हातात गाडी होती, ज्याने मला पाणी दिलं, त्याला मी एक शब्द विचारला नव्हता. एकोणीस वर्षांचा अनुभव! मला माझीच लाज वाटली.

बंगल्यावर फोन लावला तर कळलं, गाडीच नाही म्हणून जगनला घरी पाठवलंय. मी थेट वरसे गाठलं.

५

जगनची बायको हौसा दारात तांदूळ निवडत होती. "या की साहेब. आवं, विम्याचं साहेब आल्यात!"

जगन मागच्या पडवीत होता. मी विचारायच्या आधीच मला दिसलं. जमिनीवर एक पितळी परात, परातीत बोटभर काळं इंजिन ऑइल, आणि त्यात तो शारजाचा फिल्टर उभा. धूळ बसू नये म्हणून वर हौसाच्या जुन्या लुगड्याचं स्वच्छ फडकं घातलेलं. देवांना झाकून ठेवावं तसं.

"जगनभाऊ, हा इथे कसा?"

तो गोंधळला. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मोरीवर आपटून धूळमाती लागली व्हती साहेब. म्हनलं गाडी दुरुस्त होईस्तो धुऊन, तेल पाजून ठेवू. शनवारी करतोच ना मी."

"दर शनिवारी?"

"व्हय. मॅटाडोरला पन करायचो, जीपला पन. मिठागराची धूळ लय वंगाळ. त्या गाड्यांच्या फिल्टरखाली तेलाची वाटी असती बघा, धूळ त्या तेलात बसती. शनवारी वाटी धुवायची, नवं तेल भरायचं. अठरा वर्सं एक इंजिन खोललं नाय मी. शेठ सगळ्यांना सांगायचे." मग त्याचा आवाज उतरला. "ह्या नव्याला वाटी दिसंना. दोन आठवडं हातच नाय लावला. मग अमोलशेटना इचारलं. ते म्हनले, तेल लागतं त्याला, पुस्तकात लिवलंय. म्हनलं मग वाटी नाय तर अख्खा बुडवायचा असंल."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. त्या सुती जाळीला वर्ष-सहा महिन्यांतून एकदा, धुतल्यावर, थेंब थेंब तेल लावायचं असतं. जगन ती दर शनिवारी परातीत बुडवून, निथळती परत बसवत होता. रविवारी अमोल गाडी ताणायचा तेव्हा इंजिन ते तेल हवेबरोबर आत ओढायचं आणि ठोकायचं. गुरुवारपर्यंत जाळी कोरडी पडायची, आवाज थांबायचा. शनिवारी पुन्हा परात. आत काजळीचे थर वाढत गेले, आणि शेवटी पिस्टनला भोक.

मी त्याला हे सगळं सांगितलं. हळू सांगायचा प्रयत्न केला, पण मला हळू सांगता येत नाही.

जगन खालीच बसला.

"ठोकायची ते मला ऐकू येत व्हतं साहेब," तो म्हणाला. "सोमवारी आलो की ऐकू यायचं. तिला काय तरी तरास व्हतोय म्हनून मी दर शनवारी थोडं जास्त तेल घालत व्हतो."

हौसाने तोंडाला पदर लावला. मी परात उचलली आणि बाहेर आलो. गुन्हेगार सापडला की मला भूक लागते, असा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी पाणीही प्यावंसं वाटलं नाही.

६

गुरुवारी सकाळी दत्ताशेठच्या ओटीवर सगळे जमले. दत्ताशेठ झोपाळ्यावर, अमोल खुर्चीत, जुहेब खांबाला टेकून, आणि जगन पायरीवर. मी फिल्टर वर्तमानपत्रावर ठेवला. त्यातून अजून तेल सुटत होतं.

मी तीनही संशय मांडले आणि शिमग्याच्या दोन रविवारांनी ते कसे खोडले तेही सांगितलं. पंपावरचा डबा, ओले प्लग, भरलेली पट्टी. शेवटी परात. जगनचं नाव घेताना माझा आवाज खाली गेला.

दत्ताशेठ झोपाळा थांबवून ऐकत होते. मग एकदम उठले.

"जगन! तू? माझा पोरगा मेला असता रे! अठरा वर्सं अन्न खाल्लंस माझं, आणि अडाण्यासारखं..." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली ठेव. उद्यापासून फाटकात दिसू नकोस."

जगनने कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"शेठ," जुहेब म्हणाला. "त्याची चूक नाय. माझी हाय. ज्याच्या हातात गाडी त्याला मी दाखवायला पायजे होतं. मी मालकाच्या पोराला दाखवलं आणि हात झाडले. दर रविवारी फिल्टर तेलकट दिसायचा, पण तो असतोच तसा म्हणून मी टायमिंगच बघत बसलो. तक्रार टाकायची तर माझ्यावर टाका. त्याला काढू नका."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. चार दिवस मी तुझ्यासाठी ऊन खाल्लं, गाढवा, तुझ्या आईला काय सांगू?

"थांब," मी म्हणालो. "अजून माझं संपलेलं नाही. दत्ताशेठ, जगनला इंग्रजी वाचता येत नाही. पुस्तकात तेल लिहिलंय हे त्याला कुणी सांगितलं? ज्याने तो कागद वाचला त्याने. आणि मंगळवारी मला तो म्हणाला, कागद आठवत नाही."

दत्ताशेठनी मुलाकडे वळून पाहिलं.

अमोलचा चेहरा पांढरा पडला होता. "अर्धाच वाचला होता," तो म्हणाला. "जुहेबने सांगितलं होतं, वर्षातून एकदा, थोडंसं. दोनदा सांगितलं. मामांनी विचारलं तेव्हा मी घाईत होतो, तेल लागतं एवढंच बोललो. रविवारी गाडीतून बाहेर काढलं मला, तेव्हा फिल्टर पाहिला. तेल गळत होतं. मला तिथेच कळलं. पण तुम्ही जुहेबचं नाव घेतलंत पप्पा, आणि मला... मला सोपं वाटलं."

दत्ताशेठचा हात उठला. प्लास्टरकडे पाहून खाली आला. ते आत गेले. फोनची तबकडी फिरवल्याचा आवाज आला, आणि मग ठाण्यातल्या साहेबांशी बोलणारा त्यांचा तो पहाडी आवाज, पहिल्यांदाच बारीक झालेला. "साहेब, ती तक्रार नाय टाकायची. नाय. आमचीच चूक हाय. घरातलीच."

बाहेर आल्यावर ते जगनसमोर उभे राहिले. माफी मागायची या माणसाला सवय नव्हती, त्यामुळे ते नुसतेच म्हणाले, "किल्ली राहू दे तुझ्याकडं. नवं इंजिन बसलं की ये."

तोवर गाठ सुटली होती. जगनने किल्ली झोपाळ्यावर ठेवली.

"नको शेठ. अमोलशेट बसत्यात तिच्यात. मला आता कशाला हात लावायचा धीर व्हनार नाय."

७

जुहेब एसटीने पुढे गेला. जगनला मी स्कूटरवर मागे बसवलं.

खांबला आमनाबी गॅरेजच्या दारात उभ्याच होत्या. जुहेबने आधीच सांगितलेलं दिसत होतं, कारण त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडल्या. आत लतीफभाई मुलाला मोठमोठ्याने सांगत होते, शारजाच्या त्या मालकाला आत्ताच्या आत्ता फोन कर आणि नाय म्हण. एका ट्रकवाल्याने गाडी वळवून अंगणात घेतली. मला खूप बरं वाटलं. इतकं बरं मला या धंद्यात कधीच वाटलेलं नाही, हे कबूल करतो. आमनाबींनी जगनलाही चहा दिला. त्याने तो उभ्यानेच प्यायला. जुहेबने त्याला आत बोलावलं, तर त्याने गाड्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

वरशाला त्याच्या घरासमोर मी त्याला उतरवलं. मला काहीतरी बोलायचं होतं. तुझी चूक नाही, असं. पण मंगळवारी त्याला विचारायचं राहिलं होतं. मी नुसता इंजिन चालू ठेवून बसलो.

जगन जरासा वाकला, कान दिला. सवयीने त्याचा हात स्कूटरच्या झाकणाकडे गेला. मध्येच त्याने तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"चांगली चालतीय साहेब," तो म्हणाला. "कुनाला हात लावू देऊ नका."